फिटिंगच्या कामाला गाडी कुठली घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा कोल्हापुरातल्या फुलेवाडीचा तरुण. प्लंबिंग आणि सोलर वॉटर हीटर बसवायचं काम, हाताखाली दोन पोरं. सध्या एक स्प्लेंडर आणि लागेल तेव्हा भाड्याचा टेम्पो. आता सहा-साडेसहा लाखांपर्यंत गाडी घ्यायची आहे. छोटा हत्ती (टाटा एस) घ्यावा, मारुतीची इको कार्गो घ्यावी की ओळखीतली जुनी पिकअप मिळतेय ती उचलावी? आणि नंबरप्लेट पांढरी, म्हणजे खासगी, की पिवळी, म्हणजे धंद्याची?

मी याच धंद्यात पंचवीस वर्षं आहे. आधी ओमनी वापरली, मग छोटा हत्ती, आता इको कार्गो. तिन्ही वेळा काही ना काही चुकलो, त्यामुळं बोलायचा हक्क मिळवलाय असं समज.

भावा, आधी शोरूमला जाऊ नको. एक वही घे आणि महिनाभर रोज संध्याकाळी तीन गोष्टी लिही. काम अर्धवट टाकून आज किती वेळा दुकानात पळालास, कशासाठी पळालास, आणि आज नेलेल्या सामानात सगळ्यात लांब आणि सगळ्यात जड काय होतं. मी छोटा हत्ती घ्यायच्या आधी हे केलं नव्हतं, घेतल्यावर केलं. तेव्हा कळलं की लक्ष्मीपुरीतल्या दुकानांच्या माझ्या बहुतेक फेऱ्या पाईपसाठी नव्हत्याच. कधी पाऊण इंची एल्बो कमी पडला, कधी रिड्युसर चुकीचा आणला, कधी पाईप चिकटवायच्या सोल्व्हंटचा डबा वाळून गेला. मी तिकडं गर्दीत अडकलेलो आणि इकडं नागाळा पार्कातल्या गच्चीवर दोन पोरं हातावर हात ठेवून बसलेली. वर घरमालकीण वहिनी विचारतात, "काम झालं का ओ?"

आपल्या धंद्यात गाडी माल ओढण्यापेक्षा फेऱ्या वाचवण्यासाठी जास्त लागते. ती चाकावरचं कपाट आहे. हे एकदा डोक्यात बसलं की निवड निम्मी झालीच.

छोटा हत्ती २००५ साली आला आणि हातगाडी आणि मोठा टेम्पो यांच्या मधली जागा त्यानं अशी भरली की आता त्या मापाच्या कुठल्याही गाडीला लोक छोटा हत्तीच म्हणतात. साधारण पाऊण टन माल आणि सात फुटांच्या आसपास लांब हौदा. मारुतीची सुपर कॅरी याच मापातली, १२०० सीसीचं पेट्रोल इंजिन, चढाला बरी. फर्निचरवाला, फरशीवाला, गांधीनगरातून कापडाचे गठ्ठे उचलणारा, यांच्यासाठी हौदा सोन्यासारखा. पण फिटरच्या हौद्यावर रात्री काय ठेवणार? माझा छोटा हत्ती असताना रोज संध्याकाळी ड्रिल मशीन, डाय सेट, पाईप व्हाइस, फिटिंगच्या पेट्या उतरवायच्या आणि सकाळी परत चढवायच्या. रोजची पाऊण तास हमाली. आणि जूनला पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत ताडपत्रीशी झुंज. शेवटी मागं पत्र्याची बंद पेटी करून घेतली, तर त्या पेटीच्या वजनानंच माल कमी बसायला लागला.

म्हणून तुझ्या कामाला माझं मत बंद गाडीला आहे. ओमनी २०१९ मध्ये बंद झाली, आता त्या जागी इको कार्गोच. लांबी पावणेचार मीटरच्या आतच, त्यामुळं पेठांतल्या बोळात घुसते आणि वळतेसुद्धा. गाडीचा पत्रा पातळ आहे, आवाज फार येतो, वाऱ्यावर हलते. इंजिन सीटखाली असल्यानं मे महिन्यात बूड भाजतं. सुखासाठी घ्यायची ही गाडी नव्हेच. पण दार ओढलं, कुलूप लावलं, की दुकान बंद.

जुनी पिकअप स्वस्तात मिळतेय म्हणतोस. पिकअप गाडी वाईट नाही, दणकट आहे. पण दीड टनाची गाडी घेऊन तू रोज चाळीस किलो फिटिंग आणि तीन माणसं फिरवणार. वर ती डिझेल. बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळायला डीपीएफ नावाची जाळी असते. ती स्वच्छ व्हायला गाडी लांब पल्ल्यावर, गरम इंजिनानं पळावी लागते. फुलेवाडी ते राजारामपुरी, तिथून ताराबाई पार्क, अशा चार-चार किलोमीटरच्या हेलपाट्यांत ती चोंदते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. रोज शिरोली-कागल करणाऱ्याला हा त्रास कमी. तुझ्यासारख्या शहरात फिरणाऱ्यानं पेट्रोल किंवा सीएनजी बघावी. सीएनजीची टाकी तेवढी माल ठेवायची जागा आणि वजन खाते, आणि दर तीन वर्षांनी तिची चाचणी करावी लागते, हे विसरायचं नाही.

बॅटरीवरच्या मालगाड्याही आता चांगल्या येतात. रोजचं फिरणं पन्नास-साठ किलोमीटरच्या आत आणि दारात चार्जिंगची सोय असेल तर विचार करण्यासारखं आहे. पण तुझ्याकडं पन्हाळ्याचं, गगनबावड्याचं फार्महाऊसचं काम येतं, आणि चढाला भरल्या गाडीची बॅटरी सपाटीपेक्षा भराभर उतरते. पहिली आणि एकुलती एक गाडी म्हणून मी आज तरी ती घेणार नाही.

लांब सामानाचं काय, हा प्रश्न येणारच. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाईप, तीन मीटरला मिळतो, तो इकोच्या कॅरियरवर आरामात बसतो. सोलरच्या काचेच्या नळ्या १८०० मिलिमीटरच्या, म्हणजे सहा फुटी. त्या त्यांच्या खोक्यासकट आत आडव्या टाकायच्या आणि त्यांच्यावर दुसरं काहीही ठेवायचं नाही. राहिला सहा मीटरचा जीआय, म्हणजे लोखंडी पाईप. तो ना इकोत बसतो ना छोट्या हत्तीत. मागं दहा फूट बाहेर काढून टोकाला लाल फडकं बांधलेले टेम्पो आपण बघतो. हौद्याबाहेर माल काढणं कायद्यात बसत नाही, आणि मागून अंधारात येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीत तो पाईप घुसतो. जीआय दुकानातच मापानं कापून, आटे पाडून आण. पूर्ण इमारतीचं काम असेल तर सरळ दुकानदाराच्या टेम्पोनं साइटवर उतरवून घे आणि ते भाडं बिलात लाव. महिन्यातून दोन दिवस लागणाऱ्या मापाची गाडी उरलेले अठ्ठावीस दिवस पोसायची नसते.

आता पांढरी की पिवळी. इथं सगळे चुकतात, मीही चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पांढऱ्या प्लेटची पाच सीटची व्हॅन घ्यायची, मागची सीट काढून टाकायची, माल भरायचा. टॅक्स एकदाच, पासिंगची कटकट पंधरा वर्षं नाही, आणि रविवारी बायको-पोरांना जोतिबाला नेता येतं. माझी ओमनी अशीच होती. एका पावसाळ्यात शियेच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं टाकलेल्या चिखलावरून घसरून मी झाडाला धडकलो. मला खरचटलं, ओमनीचं तोंड आत गेलं. विम्याचा माणूस आला, त्यानं आधी फोटो काढले ते गाडीतल्या पाईपांचे आणि फिटिंगच्या पोत्यांचे. क्लेम नामंजूर. मी भांडायला गेलो, तेव्हा त्यांनी पॉलिसीतलं एक कलम पुढं केलं. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून छापलेलं असतं. भाड्यानं चालवणं आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून इतर माल वाहून नेणं, या वापराला ती पॉलिसी लागू नाही. दहा वर्षं हप्ता भरत होतो, ते पान एकदाही उलटलं नव्हतं. आणि सीट काढणं हेही आरसीवरच्या नोंदीच्या विरुद्ध. परवानगीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही. म्हणजे चूक दोन्हीकडून माझीच होती. घरदुरुस्तीला ठेवलेले पैसे त्या पत्र्यात गेले.

पिवळ्या प्लेटची लोकांना उगाच भीती वाटते. गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. इको कार्गो, छोटा हत्ती, सुपर कॅरी या सगळ्या त्याच्या खूप आत आहेत. थोरल्या पिकअपची काही मॉडेल त्याच्या वर जातात, तिथं आरसीवरचा आकडा बघायचा. लायसनचंही तसंच. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसनवर ७५०० किलोच्या आतली मालगाडी चालवता येते, त्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का नको, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलंय. पोरांपैकी एकाकडं पक्कं लायसन असलं की झालं. कच्च्या लायसनवर गाडी कुणाच्या हातात द्यायची नाही, अगदी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा.

पासिंगचा त्रास किती? नव्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं येतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. त्या दिवसाचं काम बुडतं, ब्रेक, दिवे, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या ठीकठाक कराव्या लागतात. खरं सांगू, त्या निमित्तानं ब्रेक तरी तपासले जातात. नाहीतर आपण कोल्हापूरकर ब्रेक घासून लोखंड वाजायला लागल्याशिवाय गॅरेजचं तोंड बघत नाही.

पिवळीचा आणखी एक फायदा जीएसटीत आहे. माल वाहणाऱ्या गाडीवर भरलेला जीएसटी नियमित नोंदणी असलेल्या धंद्याला क्रेडिट म्हणून घेता येतो, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. माणसं वाहणाऱ्या छोट्या गाडीवर, म्हणजे पाच सीटच्या व्हॅनवर, आपल्यासारख्याला तो मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी १८ टक्के ही रक्कम लहान नाही. तुझी नोंदणीच नसेल किंवा कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत, असशील तर हा फायदा नाही. गाडी बुक करायच्या आधी तुझ्या कर सल्लागाराला विचार, नंतर विचारून उपयोग नसतो. बिल मात्र धंद्याच्या नावानं आणि जीएसटी नंबर घालूनच घ्यायचं.

कर्जाकडं वळू. एजंट सांगेल, "नऊ टक्के फ्लॅट", म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज. दुसरीकडं बँक सांगेल दहा टक्के. नऊ ऐकायला कमी वाटतं. पाच लाख, पाच वर्षं. नऊ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज सव्वादोन लाख, हप्ता १२,०८३. दहा टक्के घटत्या शिलकीवर म्हणजे हप्ता साधारण १०,६२४ आणि एकूण व्याज १ लाख ३७ हजारांच्या आसपास. फ्लॅटचा नऊ टक्के खऱ्या हिशोबात साडेपंधराच्या वर जातो. एवढं एकच विचार, "हप्ता किती आणि किती महिने?" गुणाकार स्वतः कर. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी घेऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवून घे. माझ्या एका मित्रानं तो उतरवला नाही आणि गाडी विकायच्या दिवशी गिऱ्हाईक समोर असताना हात चोळत बसला.

परवडतंय का, याचा हिशोब महिन्यावर नको, कामाच्या दिवसावर काढ. सहा लाखांची गाडी सात वर्षांनी अडीच लाखांना गेली असं धर. साडेतीन लाख भागिले चौऱ्याऐंशी महिने, म्हणजे ४,१६७. विमा आणि पासिंगचे दोन हजार. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला चौदाचं अॅव्हरेज, पेट्रोल १०५ धरलं तर साडेसात हजार. ऑइल, टायर, दुरुस्तीचे अठराशे बाजूला. झाले साडेपंधरा हजार. पंचवीस कामाचे दिवस धरले तर रोजचे ६२० रुपये, आणि कर्जाचं व्याज मिसळलं तर सातशेच्या वर. आता वही काढ. रोजची एक फेरी जरी वाचली तरी तीन माणसांचा पाऊण तास वाचतो, आणि महिन्याला दोन-तीन कामं जास्त उरकतात. ते सातशेच्या वर जातंय का बघ. जात नसेल तर आणखी वर्षभर भाड्याचा टेम्पो बोलवत राहा, त्यात कमीपणा काही नाही.

जुनी घेणार असशील तर कोल्हापुरात सगळ्यात आधी एकच शंका घ्यायची. ही गाडी पुराची आहे का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, बावडा भागात किती गाड्या बुडाल्या ते आपण डोळ्यांनी बघितलंय. त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या. दार उघडून वासावर जाऊ नको, वास अत्तरानं झाकता येतो. सीटच्या पट्ट्यांखालचे स्क्रू बघ, तिथं गंज असेल तर का, विचार. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ असते, ती कुणी धूत नाही. स्टेपनीच्या जागेत बोट फिरव, बारीक गाळ लागतो का बघ. वायरिंगचे जोड उघड, आत हिरवट बुरशीसारखं दिसलं तर पाया पडून घरी ये. इंजिनपेक्षा वायरिंग पुढं दोन वर्षं छळते. मग मागचे चलन, विम्याचे क्लेम, बोजा, चेसिस नंबर तपास. टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी वीस हजार किलोमीटर चालली म्हणतो आणि टायर तिसऱ्यांदा बदललेत, असं निघालं तर मीटर खोटं बोलतोय.

आणि तुझी गाडी बुडू नये म्हणून. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज बघायची सवय लाव. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. चाळिशीकडं जायला लागली की गाडी उंचावर नेऊन लावायची, सामानासकट. पाण्यात गाडी बंद पडली तर परत चावी मारायची नाही, ढकलायची. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी ते नुकसान देत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड वेगळी घ्यावी लागते. कोल्हापुरात ती घ्यायचीच. बाकी शोरूमवाले जे दहा कव्हर चिकटवतात त्यातली निम्मी सोड.

आतली मांडणी. पहिल्या दिवशी सुताराकडं पळू नको, आधी पंधरा दिवस क्रेटमध्ये सामान ठेवून फिर. मग कळतं की रोज हाताला काय लागतं. मी उद्यमनगरात अँगलचा सांगाडा करून घेतला. डाव्या बाजूला कप्पे, उजवीकडं मोकळी जागा. प्लायचे कप्पे स्वस्त पडले होते, पण पावसाळ्यात फुगले. जड सामान खाली आणि मागच्या चाकाच्या पुढं. कॅरियरवर पाईप आणि शिडी एवढंच, सोलरची टाकी वर बांधून पन्हाळ्याच्या वळणावर जायचा मूर्खपणा करायचा नाही. अशी उंच, अरुंद गाडी वळणावर कलते. सीट आणि माल यांच्यामध्ये जाड जाळी पाहिजेच. ब्रेक मारला की सुटा चेन पाना थेट मानेकडं येतो. इंजिन सीटखाली आहे, म्हणून सीटच्या पाठीला चिकटून काही पक्कं बसवू नको. नाहीतर मेस्त्री प्रत्येक वेळी तुझ्या आई-बापाचा उद्धार करणार. दर शनिवारी संध्याकाळी कप्प्यांत काय संपलं ते बघून भरायचं. हे नाही केलं तर गाडी असूनही तू लक्ष्मीपुरीतच दिसशील.

गाडीच्या मागं 'आई अंबाबाईची कृपा' लिही, लिहिलंच पाहिजे, पण फोन नंबर त्याच्यापेक्षा मोठा. रंकाळ्याजवळ सिग्नलला उभा असताना मागच्या गाडीतून फोन आलेला मला आठवतोय, "पुढं तुम्हीच काय?" त्या माणसाच्या बंगल्याचं पूर्ण काम मी केलं. फक्त एकदा नंबर लिहिला की सिग्नल तोडायचा नाही आणि कुणाच्या दारात गाडी आडवी लावायची नाही. तक्रारही त्याच नंबरवर येते.

माल भरल्यावर टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणं वाढवायची, रिकामी झाली की कमी. पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या चढाला घसरतात, तेव्हा मागं चाळीस-पन्नास किलो असलेलं बरं. आपल्या फिटिंगच्या पेट्या ते काम करतात.

आणि स्प्लेंडर विकू नको. कर्जाचा पहिला हप्ता जवळ आला की तो विचार येतो, मलाही आला होता. नवरात्रात महाद्वार रोडच्या बाजूला नळ तुंबल्याचा फोन आला तर इको घेऊन कुठं जाशील? पाना, टेफ्लॉन टेप आणि दोन वॉशर खिशात घालून तेव्हा दुचाकीच लागते.